बाळकडू घरात मिळतं, शाळेत पक्कं होतं

आपल्याकडच्या कितीतरी शाळांत हजेरीपटावर आधी मुलग्यांची नावं असतात. ती संपली की मुलींची सुरू होतात. मुलींना मागे टाकायचं असं ठरवून कोणी हे केलेलं नाही. आधीच्या बाईंनी तसा पट मांडला होता, म्हणून नव्या बाईंनीही तसाच मांडला. पहिलीतली सहा वर्षांची पोर रोज सकाळी वर्गातल्या सगळ्या मुलग्यांचं ‘हजर’ ऐकून घेते आणि मग आपल्या नावाची वाट बघते. मुलगे आधी आणि मुली नंतर, असं तिला कोणी शिकवत नाही. शिकवावं लागतच नाही. पाहुणे आले की औक्षणाचं ताट मुलींच्या हातात आणि बाकडी उचलायला मुलगे. गॅदरिंगची रांगोळी मुलींची, स्पीकर आणि मांडव मुलग्यांचा. मधेच कधीतरी बाई वर्गात विचारतात, ‘स्कॉलरशिपचे फॉर्म कोणाकोणाचे भरायचे आहेत, उभे राहा बरं.’ पाच-सात मुलं उभी राहतात, बाकीची बसून त्यांच्याकडे बघतात. तेवढ्या एका मिनिटात अख्ख्या वर्गाला कोणाची जात काय ते कळतं, आणि कोणाला उभं राहावं लागतं, कोणाला लागत नाही, हेही कळतं.

लहानपणी अशा मनात बसलेल्या समजुतींना हल्ली सगळे ‘कंडिशनिंग’ म्हणतात. नवरा-बायकोच्या वादात, ऑफिसात, लग्नाच्या बोलणीत हा शब्द सर्रास ऐकू येतो. ‘काय करणार, माझं कंडिशनिंगच तसं झालंय,’ असं म्हटलं की पुढचं बोलणं थांबतं. माझा आक्षेप या वापराला आहे. जणू काही ही प्रत्येकाच्या घरची, प्रत्येकाच्या नशिबाची गोष्ट आहे. कोणाला चांगले आईवडील मिळाले, कोणाला नाही, इतकाच प्रश्न. पण या समजुती जिथे तयार होतात त्या जागा बऱ्याचशा चव्हाट्यावरच्या आहेत. अंगणवाडी, शाळा, नदीचा घाट, शेताचा बांध, सोसायटीचं गेट. त्यातल्या शाळेवर सरकारचा पैसा आणि सरकारचा कायदा चालतो. तिथली रोजची मांडणी कशी असावी हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे, आणि तो आपण भाषणांवर, प्रतिज्ञांवर आणि ‘दिन’ साजरे करण्यावर सोडून दिला आहे.

मनात भीती कशी बसते याचा एक कुप्रसिद्ध प्रयोग १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी केला. वर्षाचंही न झालेलं एक बाळ पांढऱ्या उंदराला मुळीच घाबरत नव्हतं. ते उंदराला हात लावायला गेलं की त्याच्या मागे पोलादी सळईवर हातोडा मारायचा, असं काही वेळा केलं. मग नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडू लागलं. पुढे ससा, कुत्रा आणि केसाळ कोट बघूनही घाबरू लागलं. असला प्रयोग आज कुठेही करू दिला जाणार नाही, आणि करू नयेच. मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो अजून असतो आणि त्यामुळे आपली अशी समजूत होते की मनावर काही बसायला मोठा धक्का लागतो. आपल्या घरांत असा हातोडा फार क्वचित पडतो. बहुतेक गोष्टी मायेनं, साध्या वाक्यांतून आणि काही न बोलता बसतात.

साध्या वाक्यांची ताकद किती असते हे २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसलं. मार्जोरी ऱ्होड्स, सारा-जेन लेस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांना एक चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं. त्यात ‘झार्पी’ नावाची कल्पनेतली माणसं होती. दिसायला सगळी वेगवेगळी, पुरुष आणि बायका दोन्ही. काही मुलांना सांगितलं, ‘झार्पी लेडीबगला घाबरतात.’ काहींना त्याच चित्राकडे बोट दाखवून सांगितलं, ‘हा झार्पी लेडीबगला घाबरतो.’ फरक एवढाच. पण पहिलं वाक्य ऐकणाऱ्या मुलांना हळूहळू वाटू लागलं की झार्पी ही एक वेगळीच जात आहे आणि तिचे गुण जन्मतःच ठरलेले आहेत. याच अभ्यासाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या पालकांच्या मनात आधीच ‘झार्पी मुळातच वेगळे’ असं भरवलं होतं, ते आपल्या मुलांशी बोलताना अशी सरसकट वाक्यं जास्त बोलले. मोठ्यांच्या मनातली समजूत मुलांच्या मनात उतरायला कोणतीही शिकवणी लागली नाही.

आता आपली रोजची वाक्यं आठवून पाहा. मुली समजूतदार असतात. मुलगे असेच असतात. ते लोक तसलेच. आदिवासी भोळे असतात. यातली दोन तर कौतुकाची आहेत आणि बोलणाऱ्याच्या मनात काडीचंही वाईट नसतं. तरी ‘मुली समजूतदार असतात’ हे वाक्य ज्या घरात रोज बोललं जातं, तिथे शेवटची पोळी कोणी सोडायची आणि पाहुणे आले की अभ्यास टाकून कोणी उठायचं, हे ठरलेलं असतं. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुलीही आपल्याच लिंगाच्या माणसाला ‘फार फार हुशार’ म्हणून निवडत होत्या, मुलग्यांइतक्याच. सहा-सातव्या वर्षी त्यांचं ते निवडणं कमी झालं. ‘अतिशय हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळात त्यांचा रसही मुलग्यांपेक्षा कमी भरला. शाळेत मार्क कोणाला जास्त पडतात असं विचारलं तर मात्र त्या मुलींची नावं घेत होत्या. म्हणजे मार्क मुलीचे, पण बुद्धी मुलग्याची, ही वाटणी सहाव्या वर्षी झालेली होती. अमेरिकेतलं आपल्या नाशिकला जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण सहावं वर्ष हे आपल्या पहिलीचं वर्ष आहे, आणि पहिलीच्या वर्गात मुलं काय बघतात हे आपण तपासलेलं नाही.

नाशिकच्या मुलांना बघायला पुष्कळ काही आहे. रामकुंडावर सकाळी दशक्रियेचे विधी चालू असतात. पायऱ्यांवर एखादं कुटुंब बसलेलं असतं. वडील गेलेले. त्यांच्या आजारपणात दवाखान्यात रात्री काढलेली, औषधांचे कागद सांभाळलेली थोरली लेक पदर डोक्यावर घेऊन वरच्या पायरीवर उभी असते. खाली पाण्याजवळ गुरुजी विचारतात, ‘मुलगा कोण?’ मुलगा नसला तर पुतण्या पुढे येतो. तो आठ-दहा वर्षांचा असला तरी चालतो. त्याच्या बोटात दर्भाची अंगठी येते आणि पिंडाला त्याचा हात लागतो. अलीकडे काही मुली स्वतः विधी करतात आणि काही गुरुजी तो नीट करवूनही घेतात, हे आनंदाचं आहे. पण बहुतेक दिवशी त्या पायऱ्यांवरच्या लहान मुलांना दिसतं ते असं: काळजी घ्यायची ती मुलीनं आणि हक्क सांगायचा तो मुलग्यानं. कुटुंब दुःखात असतं, कोणाच्या मनात अन्याय करायचा हेतू नसतो, म्हणून तिथे वाद घालायला कोणी जात नाही आणि जाऊही नये. पण पायरीवरच्या सात वर्षांच्या नातीनं त्या दिवशी काय शिकलं, हा प्रश्न घरी आल्यावर तरी कोणी विचारावा की नाही?

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हेच वेगळ्या रूपात दिसतं. पेठ, सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं हंगामाला येतात; बरोबर मुलंही असतात. मंडपाखाली वर हात करून बायका थिनिंग करतात. घडातले कुठले मणी ठेवायचे आणि कुठले कात्रीनं उडवायचे हे हाताला कळावं लागतं. चुकीचा मणी गेला तर घडाचा आकार बिघडतो आणि निर्यातीचा माल लोकलला जातो. मान दुखते, डोळ्यांत कचरा पडतो. तरीही संध्याकाळी हिशेब होतो तेव्हा बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण बांधावर कारण एकच सांगितलं जातं: बाईचं काम हलकं. काम उक्तं दिलं असेल तर एकराचा हिशेब होतो आणि हा भेद थोडा झाकला जातो. रोजंदारीवर तो उघडा पडतो. बांधावर खेळणारं मजुराचं पोर हे बघतं आणि शेतकऱ्याचं पोरही बघतं. दोघांच्याही मनात बाईच्या कौशल्याची किंमत तिथेच ठरते. पुढे ही दोन्ही मुलं जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत ‘स्त्री-पुरुष समानता’ या विषयावर निबंध लिहितील आणि दोघांनाही चांगले मार्क मिळतील.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर लोकांच्या दिवसभराच्या वेळेचा हिशेब घेतला. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बायकांचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. त्यातही असं काम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या, पुरुष जेमतेम २६.१ टक्के. या पाहणीत सहा वर्षांवरच्या सगळ्यांना धरलं होतं. सहा वर्षांवरच्या! पोरीच्या हातात केरसुणी कधी येते याचं उत्तर त्या वयोमर्यादेतच आहे.

हे बदलायचं कसं, यावर आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली असतात. एक कायदा, दुसरं प्रबोधन. दोन्ही लागतात, पण दोन्हींची पोच कुठवर आहे हे नाशिकइतकं क्वचितच कुठल्या शहरानं अनुभवलं असेल.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांचं संघटन. तो अधूनमधून थांबत १९३४ पर्यंत चालला आणि मंदिर उघडलं नाही. दरवाजाच्या आत उभे राहून विरोध करणारे लोक जन्मतः क्रूर होते असं मानायचं काही कारण नाही. स्पर्शानं विटाळ होतो हे त्यांनी बोलायला यायच्या आधी बघितलं होतं. आजीनं पाणी कसं वरून ओतलं ते बघितलं होतं. म्हणून समोरच्यांचा साधा माणुसकीचा युक्तिवाद त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. पण मला या सत्याग्रहात जास्त मोलाचे वाटतात ते दरवाजाच्या बाहेर बसलेले लोक. त्यांनाही लहानपणापासून तेच शिकवलं होतं, उलट्या बाजूनं: तुझी जागा बाहेर. खेड्यापाड्यांतून आलेले हजारो स्त्री-पुरुष, ज्यांना आयुष्यभर बाजूला व्हायची सवय लावली होती, ते मंदिराच्या दारात बसले आणि उठायला नकार दिला. नुसतं व्याख्यान ऐकून ही सवय गेली नसती. हजारोंनी मिळून एक वेगळी गोष्ट प्रत्यक्ष केली, म्हणून ती सुटू लागली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली ती त्यानंतर. ‘लहानपणचं काही जात नाही’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे. जातं, आपल्याच जिल्ह्यात गेलेलं आहे.

पण पुढे अस्पृश्यता रद्द करणाऱ्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं दार उघडलं तरी ज्यांनी दार लावून धरलं होतं त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या मनात काय राहिलं, हा हिशेब वेगळा आहे. २०१३ साली नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर लेकीचा बापानंच जीव घेतला. त्या घटनेनंतर जातपंचायतींविरुद्धची चळवळ उभी राहिली आणि महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा केला. २०१७ पासून तो अमलात आहे. कायदा चांगलाच आहे, देशात असा पहिला. तरी तो गुन्हा घडल्यावर किंवा घडताना कामाला येतो. त्या बापाच्या मनात जातीची अब्रू लेकीच्या जिवापेक्षा मोठी कधी झाली, याचं वर्ष शोधायला गेलं तर ते त्याच्या स्वतःच्या बालपणातच सापडेल. तिथवर फौजदारी कायदा जाऊ शकत नाही.

प्रबोधनाचं म्हणाल, तर शाळेत ते वर्षभर चालूच असतं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या वेशात मुली येतात, भाषणं होतात, मुलगे टाळ्या वाजवतात आणि कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या झाडायला पुन्हा मुलीच थांबतात. सकाळच्या भाषणापेक्षा दुपारची सतरंजी मुलांच्या लक्षात राहते. ‘बालभारती’नं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकांत फार चांगला बदल केला होता: आई आणि बाबा मिळून भाजी निवडताहेत, बाई डॉक्टर आहेत, अशी चित्रं आली. त्याच वर्षी गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ आलं आणि सगळा महाराष्ट्र त्यावर भांडत बसला. भाषेचा प्रश्न महत्त्वाचा होता, मी नाकारत नाही. पण चित्रांवर चर्चा झाली ती फारच थोडी, आणि त्या चित्रासारखं वर्गात काही घडतंय का, हे तर कोणीच विचारलं नाही.

मग काय चालतं? याबद्दल आपल्याच देशात चांगले अभ्यास झालेले आहेत. पश्चिम बंगालमध्ये ग्रामपंचायतीचं प्रमुखपद आळीपाळीनं बायकांसाठी राखीव होत होतं. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांनी ४९५ गावांत पाहणी केली. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. ज्या गावांत लागोपाठ दोन वेळा बाई प्रमुख झाली, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दलच्या अपेक्षांतलं अंतर पालकांमध्येही कमी झालं आणि किशोरवयीन मुलांमध्ये ते ३२ टक्क्यांनी कमी झालं. शिक्षणातलं अंतर तर उरलंच नाही, आणि मुलींचा घरकामातला वेळ कमी झाला. गावात कोणी समानतेवर व्याख्यानमाला घेतली नव्हती. मुलांना रोज एक बाई कारभार करताना दिसत होती. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत. सरपंचबाईंच्या नावाखाली त्यांचे पती खुर्चीत बसतात तेव्हा नुसता कारभारच बिघडत नाही. ग्रामपंचायतीच्या दारात खेळणाऱ्या पोरांना पूर्वीचाच धडा पुन्हा मिळतो. ‘सरपंचपती’ हा प्रकार ग्रामसभेनं सहन करू नये याचं हे दुसरं कारण.

हरियाणात ३१४ सरकारी शाळांत झालेला प्रयोग थेट वर्गातला होता. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांचा हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. यातल्या निम्म्याच्या आसपास शाळांत सातवीपासूनच्या मुला-मुलींशी अडीच वर्षं ठरावीक अंतरानं तासाभरापेक्षा कमी वेळाची चर्चा घेतली: घरात कोण काय करतं, का करतं. मुलांची मतं बदलली आणि मुलगे घरकामात अधिक हात लावू लागले. अभ्यास संपून दोन वर्षांनीही परिणाम टिकून होता. मुलींची मतं बदलली तरी वागणं तितकं बदललं नाही, कारण त्यांच्या वागण्यावर घरच्यांचा ताबा जास्त. यावरून मी एक गोष्ट घेतो: समानतेचे कार्यक्रम नेहमी मुलींसाठी आखले जातात, त्यांची खरी गरज मुलग्यांना आहे. आणि अडीच वर्षं म्हणजे अडीच वर्षं. एका दिवसाच्या शिबिरानं हे होत नाही.

तिसरा अभ्यास नाशिकच्या पालकांना आज सगळ्यात जवळचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्यानुसार विनाअनुदानित खाजगी शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी आहेत. दिल्लीत अशा प्रकारच्या सक्तीचे प्रवेश आधीपासून होत होते. गौतम राव यांनी तिथल्या श्रीमंत शाळांचा अभ्यास केला, तो २०१९ साली आला. गरीब मुलं वर्गात आल्यावर श्रीमंत मुलं जास्त उदार झाली आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली. जे एकाच अभ्यासगटात बसले त्यांच्यात हा फरक स्पष्ट दिसला. ‘गरिबांशी चांगलं वागा’ असा धडा तिथे नव्हता, शेजारी बसणं होतं.

आणि आपण काय केलं? ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारनं नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळांना या २५ टक्क्यांतून मोकळं केलं. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. त्या काही महिन्यांत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे लिहिलं जात होतं ते वाचून वाईट वाटलं. ‘वातावरण बिघडतं’, ‘भाषा बिघडते’, ‘डबा शेअर करतात, मग आजार होतात’. लिहिणारे आईवडील आपल्या मुलांवर जीव टाकणारे होते. त्यांतल्या कितीजणांचे आजी-आजोबा स्वतः खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत जमिनीवर बसून शिकले असतील. तरी ‘ती मुलं’ या दोन शब्दांत सगळी भीती बसत होती, आणि शेजारी अभ्यास करत बसलेला पाच वर्षांचा मुलगा ते ऐकत होता.

काही शाळा या मुलांना प्रवेश देतात, पण वेगळ्या तुकडीत बसवतात, सहलीला नेत नाहीत, पुस्तकांसाठी वेगळे पैसे मागतात. कायदा पाळल्याचा कागद तयार होतो. एका छताखाली दोन प्रकारची मुलं असतात हे मात्र सगळ्यांना शिकवलं जातं, आणि तेही सगळ्यात कोवळ्या वयात. माझ्या मते हे प्रवेश नाकारण्याइतकंच घातक आहे. बाहेर ठेवलेलं मूल कधीतरी चीड घेऊन उभं राहतं. आत घेऊन वेगळं बसवलेल्या मुलाला वाटतं की आपल्यातच काही कमी आहे.

यावर प्रामाणिक आक्षेप आहेत. पहिला असा की संस्कार हा घरचा विषय आहे, शाळेनं आणि सरकारनं त्यात का पडावं? पण शाळा त्यात पडलेलीच आहे. हजेरीपटाचा क्रम, औक्षणाचं ताट, वेगळी तुकडी हेही संस्कारच आहेत आणि ते शाळा रोज करते आहे. प्रश्न एवढाच की ते बघून-सवरून करायचे की जुन्या पटावरून उतरवून घ्यायचे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. सगळंच लहानपणी बसतं; चप्पल दाराबाहेर काढणं, पानात अन्न न टाकणं, मोठ्यांपुढे वाकणं. मग यातलं ठेवायचं काय आणि काढायचं काय, हे कोणी ठरवायचं? मी याला साधी कसोटी लावतो. पानात टाकू नये हे ताटावर बसलेल्या प्रत्येकाला लागू आहे. मुलानं ‘का?’ विचारलं तर उत्तर देता येतं आणि ते उत्तर मुलाला आणि मुलीला, मालकाला आणि मजुराला सारखंच असतं. ज्या रीतीचं उत्तर ‘तू मुलगी आहेस म्हणून’ किंवा ‘ते त्या घरातले आहेत म्हणून’ इतकंच आहे, ती रीत जन्मावरून माणसाची पायरी ठरवते. अशा रीतीला शाळेत जागा नसावी, मग ती कितीही जुनी आणि कितीही गोड असो.

तिसरा शिक्षकांचा आहे आणि तो खरा आहे. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब, आणि त्यावर आता हेही? आणखी एक उपक्रम, आणखी एक अहवाल, फोटो काढून पाठवा, असं झालं तर मी स्वतः विरोध करीन. मी मागतो आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना जास्तीचा तास लागत नाही. पट आडनावाच्या किंवा नावाच्या अकारविल्हे लिहायला तेवढाच वेळ लागतो. सतरंज्या कोणी झाडायच्या याची पाळी हजेरी क्रमांकानं लावता येते. स्कॉलरशिपची नावं वर्गात न विचारता पालकांना फोन करून घेता येतात. सुरगाण्याकडच्या पोरानं घरच्या बोलीतला शब्द वापरला तर वर्गाला हसू न देणं आणि तो शब्द फळ्यावर लिहिणं, याला दोन मिनिटं लागतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणात यासाठी जागा हवी. भाषा आणि गणिताच्या प्रशिक्षणातच ती करता येईल. एकट्या वेगळ्या विषयाचं प्रशिक्षण ठेवलं की तो विषय तिथेच संपतो.

हे सगळं मांडायची जागाही कायद्यानं दिलेली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत या समित्यांसमोर विषय येतात ते स्वच्छतागृह, रंगकाम आणि गॅदरिंगचे. ते लागतातच. त्यांच्याच बरोबर वर्षातून एकदा पट कसा मांडला आहे, कामं कशी वाटली आहेत, जेवणाच्या रांगेत आणि बाकावर कोण कुठे बसतं, हे समितीनं शाळेत जाऊन बघावं आणि इतिवृत्तात लिहावं. खाजगी विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही, पण तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि फीवाढ असली की सभागृह भरतं. २५ टक्क्यांतली मुलं कुठल्या तुकडीत बसवली आहेत आणि सहलीला कोणाकोणाला नेलं, हे त्याच सभेत विचारायला वेगळी परवानगी लागत नाही.